पाणी किती वाव?

घुम्याला कुणी "जेवलास का?" असं विचारलं तरी तो आधी इकडेतिकडे बघायचा. साध्या प्रश्नामागेही काहीतरी डाव असणार, हा त्याचा जन्मजात संशय. मासे मारणारी माणसं जाळं कुठे टाकतात ते तशीही सांगत नाहीत, पण घुम्याने हद्द केली होती. दक्षिणेला जायचं असेल तर तो धक्क्यावर उभा राहून उत्तरेच्या वाऱ्याबद्दल बोलत बसायचा, आणि मासळी भरभरून मिळाली की आजारी माणसासारखा चेहरा करून होडी लावायचा.

याचं मूळ त्याच्या बापात होतं. बापाने जाताना घरच्या सगळ्यांना, अगदी स्वतःच्या बायकोलाही, खोलीबाहेर काढलं आणि खोकत खोकत पोराच्या कानात एक जागा सांगितली. समुद्रात एक जुनी बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, बुडालेली होती आणि तिच्या पोटाला धरून मोठी मासळी असायची. "कुणाला सांगू नकोस, बायकोलाही नाही," एवढं म्हणून तो गेला. तेव्हापासून घुम्या त्या जागी जायचा तो फक्त दाट धुक्यात, म्हणजे कुणाला दिसायला नको. इंजिन बंद करून, श्वास रोखून जाळं सोडायचा. कधीकधी धुक्यातून थेट बापाच्यासारखा खोकला ऐकू यायचा. घुम्या हात जोडायचा आणि हळूच म्हणायचा, "आहे बाबा, मी इथेच आहे." खोकला लगेच थांबायचा. त्याला फार बरं वाटायचं.

गेल्या मोसमात मात्र एकदा पडलेलं धुकं विरलंच नाही. घुम्या वाट चुकला आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच किनाऱ्याला लागला. तोवर इकडे शोधायला निघालेले लोक त्याच्या बायकोला विचारत होते, "वहिनी, कुठल्या बाजूला गेलाय?" आणि तिला सांगता येईना. नवरा जिवंत आहे की नाही या भीतीने ती अर्धी झाली होती, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला एवढंही माहीत नाही या शरमेने उरलेली अर्धी. घुम्या परत आला तेव्हा ती तडक धक्क्यावर गेली. इंजिन फिरवायचं हँडल तिने होडीतून काढलं, घरी नेऊन कपाटात ठेवलं आणि चावी कमरेला लावली.

"घरी आणणारं मशीन बसवा, मग हँडल मागा," ती संध्याकाळी म्हणाली. "नाहीतर होडीत कोंबड्या पाळा."

बंदराच्या रस्त्यावर मशीनचं दुकान होतं. काचेच्या कपाटात लहानमोठे पडदे मांडलेले, त्यांवर निळं पाणी आणि लाल मासे. कोपऱ्यात एक वायरलेस दिवसभर खरखरत असायचा. दुकानदार हौशी माणूस होता, गिऱ्हाइकाला योग्य तेच मशीन मिळावं असं त्याला मनापासून वाटायचं. अशा माणसाने या बंदरात दुकान टाकायलाच नको होतं.

"बसा काका. तुमच्याकडे पाणी किती वाव असतं?"

घुम्याने दाराकडे बघून घेतलं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, खोली त्यातच मोजतात. आणि चाळीस वाव पाणी आसपास फक्त बार्जपाशीच होतं.

"असतं आपलं," तो म्हणाला.

"अंदाजे?"

"गुडघ्याच्या वर."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "काका, हे मशीन खाली आवाज सोडतं. तो तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते, मासा कळतो. पाणी जितकं खोल तितकं मशीन दमदार लागतं. खोली कळल्याशिवाय मी देऊ काय तुम्हाला?"

"चार वाव," घुम्या घाम पुसत म्हणाला.

"बंदरापासून लांब किती?"

"लांब आहे असं कोण म्हणालं?"

"बरं, मासा कुठला मारता?"

"मिळत नाही हो मासा."

"मग मशीन कशाला हवंय?"

"बायको हँडल देत नाही."

तेवढ्यात गॉगल्या आत आला. हा धुक्यातही काळा चष्मा लावणारा घुम्याचा जुना वैरी. हाही खोटंच बोलला होता, पण दुसऱ्या टोकाला जाऊन. आपण आठवडा-आठवडाभर समुद्रात असतो अशी थाप त्याने मारली, म्हणून दुकानदाराने त्याला जहाजाला शोभेल असं रडार दिलं. आता लांबून होडी दिसायची नाही, रडार दिसायचं.

"पडदा पुसायला चांगलं कापड द्या," गॉगल्या म्हणाला. "धुकं पडलं की ठिपके येतात, सात-आठ. कितीही घासा, जात नाहीत."

"कुठे असताना येतात?"

गॉगल्याने घुम्याकडे बघितलं आणि खोकून घेतलं. "घरी."

"रडार घरी लावता?"

"कापड द्या हो तुम्ही."

दुकानदाराने कापड दिलं आणि कपाळाला हात लावून तो परत घुम्याकडे वळला. त्याने नकाशावालं मशीन दाखवलं. होडी जाईल तिथे त्यावर पिवळी रेघ उमटत जायची. घुम्या ती रेघ बघून साप बघितल्यासारखा मागे सरकला. "ही कुणीही बघू शकतं?" असं विचारून त्याने ते मशीन उलटं करून ठेवलं. शेवटी त्याने तळहाताएवढं एक मशीन पसंत केलं. तलावात होडी फिरवणाऱ्या हौशी लोकांसाठी बनवलेलं होतं ते. नकाशा नाही, रेघ नाही, खोलीही जेमतेम दहा वावांपर्यंत, आणि एक बाण.

"बंदरात उभं राहून हे बटण दाबा," दुकानदार थकून म्हणाला. "मग कुठेही असलात तरी बाण बंदर दाखवेल."

घरी येईपर्यंत घुम्याच्या डोक्यात वेगळंच शिजलं. बाण बंदराकडे असेल तर कुणीतरी उलटा हिशोब करून बार्ज शोधून काढेल. त्यापेक्षा बंदरच चुकीचं भरलेलं बरं. त्याने मशीन आणि बॅटरी पिशवीत घातली, एसटी पकडून डोंगरापलीकडे साडूच्या गावी गेला आणि साडूच्या परसात, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभं राहून बटण दाबलं.

"हे काय चाललंय?" साडूने विचारलं.

"काही नाही, तुमची तब्येत बघायला आलो होतो."

बायकोने बाण बघितला, हँडल दिलं आणि वर एक वायरलेस हट्टाने बसवायला लावला. बार्जपाशी मशीनला तळ काही सापडायचा नाही, पडद्यावर दोन आडव्या रेघा लुकलुकत राहायच्या. पण तक्रार करायला गेलं तर दुकानदार खोली विचारणार. म्हणून घुम्या धक्क्यावर मशीनची तोंडभरून स्तुती करायचा. बाकीचेही आपापल्या मशीनची करायचे. अख्ख्या बंदरात एकाचंही मशीन धड कामी येत नव्हतं आणि सगळे खूश होते.

मग एक दिवस असं धुकं पडलं की घुम्याला होडीच्या टोकावरचं जाळं दिसेना. दुपार झाली, धुकं हललं नाही. बाण इमानेइतबारे साडूच्या परसाकडे वळलेला, आणि मधे सगळे खडक. घुम्याला पहिल्यांदाच स्वतःचा मनापासून राग आला. इतक्यात वायरलेस खरखरला.

"अहो, कुठे आहात?" बायको बंदराच्या ऑफिसातून बोलत होती.

"उत्तरेला," घुम्या सवयीने म्हणाला.

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "लोक परत मलाच विचारतायत हो. मी काय सांगू?"

घुम्याने वायरलेस तोंडाजवळ धरला. सगळं बंदर ऐकतंय हे त्याला माहीत होतं. तरी त्याने बटण दाबून धरलं. "बुडालेल्या बार्जपाशी आहे. दीपगृह पाठीशी घेऊन सरळ दक्षिणेला, चाळीस वाव पाणी. तुला आधीच सांगायला हवं होतं." आणि बटण सोडून तो धुक्याकडे बघत म्हणाला, "माफ करा बाबा."

धुक्यातून अगदी जवळून खोकला आला. "म्हणजे मला बाबा म्हणणारा तू होतास होय?" गॉगल्याचा आवाज, वायरलेसशिवाय. "मला वाटायचं बार्जवरचं भूत हाक मारतंय. भीतीने खोकला गिळून गिळून छाती दुखायला लागली माझी!"

"हळू बोला, मासे पळतायत," डावीकडून तिसराच कुणी म्हणाला.

"मीही आहे, पण घरी सांगू नका," मागून चौथा.

गॉगल्या आपल्या पडद्यावरचे ठिपके बोटाने मोजू लागला. मोजून झाल्यावर त्याने दुकानातलं कापड समुद्रात फेकून दिलं. आणि वायरलेसवर दुकानदार जिवाच्या आकांताने ओरडत होता, "चाळीस वाव! अहो काका, एवढंच विचारत होतो मी!"

रडारवर बंदराचा बांध स्वच्छ दिसत होता. सगळ्यांनी होड्या एकीला एक दोराने बांधल्या आणि गॉगल्याच्या मागे निघाले. वाटेत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. धक्क्यावर घुम्याची बायको आधी रडली, मग हसली, मग साडूच्या परसाचं कळल्यावर पुन्हा रडायला बसली.

बार्जपाशी आता भर उन्हात गर्दी असते. घुम्याने ती जागा सोडली. पुढच्या मोसमात, बरंच भटकल्यावर, त्याला पाण्याखाली एक खडक सापडला. तो मशीन बदलायला दुकानात गेला. दुकानदाराने आशेने विचारलं, "पाणी किती वाव?" घुम्या म्हणाला, "गुडघ्याच्या वर." पण त्याच संध्याकाळी त्याने घरातल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, खिडकी लावली आणि बायकोच्या कानात खडकाची जागा सांगितली, वावांसकट. कपाटाची चावी अजून तिच्या कमरेला होती, ती तिने काढून खुंटीला अडकवली.

पुढचं धुकं पडलं तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. गॉगल्याची बायको जवळ येऊन म्हणाली, "काय गं, कुठल्या बाजूला गेलेत तुझे?"

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. "गेले असतील उत्तरेला," ती म्हणाली, आणि आजारी माणसासारखा चेहरा केला.