वयाचा रकाना

आमच्या तपासणी केंद्रात येणाऱ्या मुलांनी बाईंना ठोकळेबाई हे नाव पाडलं आणि हळूहळू आम्हीही तेच वापरू लागलो. दुसऱ्या मजल्यावरची अरुंद खोली, एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या, लाल-पांढरे ठोकळे, चित्रांची कार्डं आणि एक स्टॉपवॉच. एवढ्या सामानावर बाईंनी अठ्ठावीस वर्षं मुलं तपासली. कोणाला अक्षरं का लागत नाहीत, कोण बोलत का नाही, कोणाला साध्या शाळेत ठेवायचं आणि कोणाला विशेष शाळेत पाठवायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरे. मी त्यांच्या हाताखाली शिकले.

बाईंची स्मरणशक्ती दांडगी. दहा वर्षांपूर्वी तपासलेलं पोर जिन्यात भेटलं तरी त्याच्या मावशीची चौकशी करायच्या. त्यामुळे त्या चष्मा, किल्ल्या विसरू लागल्या तेव्हा आम्ही त्यांची थट्टाच केली. मग त्यांचे यजमान रोज सोडायला-न्यायला येऊ लागले. का, ते कोणी विचारलं नाही.

एके सकाळी मी नोंदी घ्यायला त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. समोर सात वर्षांची चुणचुणीत मुलगी. बाई आकडे वाचायच्या आणि तिने तसेच्या तसे म्हणायचे. चार, सात, एक, नऊ. मुलीने म्हटले. बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा वाचलं, चार, सात, एक, नऊ.

"हे झालं की आत्ता," मुलगी म्हणाली.

बाईंनी कागदाकडे पाहिलं. बरोबरची खूण तिथे आधीच केलेली होती. तुझं लक्ष आहे का ते बघत होते, असं म्हणून त्या हसल्या. मुलगीही हसली. मला हसू आलं नाही, कारण आकडे दुसऱ्यांदा वाचायचे नसतात हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. पण एवढ्या मोठ्या बाईंना मी काय सांगणार? संध्याकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती.

आठ महिन्यांनी एक आई आली. तिच्या मुलीला शाळेतून आमच्याकडे धाडलं होतं, वर्गात गप्प बसते म्हणून. बाईंनी तपासून ती वयाच्या मानाने मागे आहे असं लिहिलं आणि मुलगी विशेष शाळेत गेली. त्याला सहा महिने झाले होते, म्हणून शाळेला अहवालावर बाईंची पुन्हा सही हवी होती. पूर्वी घरात नुसती बडबड करायची, आता पाणीसुद्धा बोट दाखवून मागते, असं आई सांगत होती. तक्रार म्हणून नव्हे. वेळेत ओळखलंत म्हणून ती बाईंचे आभार मानायला आली होती.

बाईंनी पेन टेकवलं आणि त्यांचा हात थांबला. वयाच्या रकान्यात जन्मतारखेची वजाबाकी चुकली होती, बरोब्बर एका वर्षाने. पाच वर्षांच्या मुलीचे गुण सहा वर्षांच्या तक्त्यात पाहिले होते.

सही परवा देते, असं सांगून त्यांनी आईला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं. "आकडे वाच," मला म्हणाल्या.

"बाई, ते मुलांसाठी असतात."

"वाच."

चार आकडे त्यांनी नीट म्हटले. पाच वाचले तेव्हा तिसऱ्यापाशी अडल्या. तीन आकडे उलटे म्हणायला सांगितले तर टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मूल चुकलं की चेहरा कोरा ठेवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या कोऱ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आठ महिने," मी म्हणाले. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर ही मुलगी त्यांच्यासमोर बसलीच नसती. बाईंनी तेही ओळखलं असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांना सगळं लेखी दिलं. संचालकांना बोभाटा नको होता. तेवढा एक अहवाल बदलून टाकू, म्हणाले. बाई बधल्या नाहीत. मागच्या दोन वर्षांच्या दोनशे बारा फायली काढून आम्ही सहा आठवडे बसलो. बाई तारखा वाचायच्या, वजाबाकी मी करायचे. एकोणीस चुकल्या होत्या. एकोणीस घरी पत्रं गेली.

त्या आईला मात्र बाईंनी समोर बसवून सांगितलं. मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तिला काही झालेलं नव्हतं?"

"नव्हतं."

"आता झालंय," आई म्हणाली आणि मुलीला घेऊन जिना उतरली.

मुलगी साध्या शाळेत परतली, एक इयत्ता खाली. अजून ती विचारल्याशिवाय बोलत नाही. बाईंचा आजार डॉक्टरांनी महिन्याभरात सांगितला. हल्ली मी भेटायला गेले की त्या मला बसायला खुर्ची देतात, अगदी गोड आवाजात वय विचारतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात.

एकोणीसपैकी पाच पत्रं परत आली. ती कुटुंबं घर बदलून गेली होती. दोन वर्षांचं तपासून झालं तेवढं पुरे, असं संचालकांनी ठरवलं. मीही मानलं. पण गेल्या आठवड्यात त्याआधीच्या वर्षाचा गठ्ठा सोडल्यावाचून मला राहवलं नाही. पहिल्या दोन फायली बरोबर निघाल्या. तिसरी चुकली होती. खाली अजून नव्वद आहेत, आणि त्या गठ्ठ्याखाली त्याच्याही आधीच्या वर्षाचा गठ्ठा आहे.