माझ्यावरचं कडवं

शेखरचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "दिलीपभाऊ, गजू गेला," एवढंच तो म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा... याच गजूनं मागं एकदा स्वतःच्या गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात म्हणून स्वतःच्याच फोटोला हार घालून 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स बोरगाव मेघेच्या चौकात लावला होता. समुद्रपूरहून त्याची आत्या एसटीनं रडत आली, तर या पठ्ठ्यानं तिला पहिल्या रांगेत बसवून दीड तास बोंबलून दाखवलं. म्हणून मी डबा बंद केला, गाडी काढली आणि याला भेटल्यावर काय काय सुनवायचं ते ठरवतच निघालो. दारात चपलांचा ढीग दिसला, तरी मनात आलं, चपला काय, कुठूनही जमवता येतात. आत गेलो. या वेळी तो खोटं बोलत नव्हता. हृदयविकाराचा झटका, वय चव्वेचाळीस. त्याला सात आठवडे झाले आता.

गजू समुद्रपूरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. मी वर्ध्याचा, कारकुनाचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. सेवाग्रामला डॉक्टरकी शिकायला शिलाँगचा एक मुलगा आला होता, त्यानं आम्हाला एक कॅसेट दिली. इंग्रजी पंक रॉक. तीन सूर, दोन मिनिटं आणि सगळा वेळ कोणावर तरी खेकसणं. मला तर ते गाणंच वाटेना. गजूनं मात्र कॅसेट चारदा ऐकली आणि म्हणाला, "काऊन बे दिलप्या, हे त आपल्या पोळ्याच्या झडत्याच आहे." विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की कोणीतरी पुढं होऊन यमक जुळवलेल्या ओळी ओरडून म्हणतो. सरपंचावर, व्यापाऱ्यावर, शेजाऱ्यावर, कोणावरही. ती झडती. तिचा नियम आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतो. ज्याच्यावर झडती, तो समोर उभा पाहिजे, आणि त्यानं न चिडता तिथल्या तिथं उलट झडती म्हणायची. पाठीमागं म्हटली तर ती चुगली.

तर असा आमचा बँड निघाला. नाव 'कचकच'. गजू गिटार आणि गळा, लग्नाच्या बँडातून फोडून आणलेला शेखर ड्रमवर, आणि चार तारांची बास गिटार माझ्याकडे. फुटलेले पेपर, न आलेली एसटी, नळ, प्राचार्य... गजूनं कोणाला सोडलं नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिसऱ्या गाण्याला वीज गेली. ती गेली की घालवली, याचा मला आजही संशय आहे. लाइट नाही तर नाही, म्हणून गजू टेबलावर चढला आणि उरलेली गाणी तशीच ओरडला. तीन वर्षं आम्ही असं वाजवत हिंडलो. मग माझे वडील वारले आणि मला त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. साहेबांवर गाणी म्हणणाऱ्या टोळक्यात सरकारी कारकून कसा राहणार? चहाच्या टपरीवर मी गजूला सोडतोय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे ना. येजो मंग कधीमधी." बस्स, इतकंच. नळाला पाणी नाही म्हणून घसा फोडणारा माणूस माझ्या जाण्यावर अवाक्षर बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकलं.

वर्षभरात कानावर यायला लागलं. "तुमच्यावर कडवं आहे म्हणे." कोणी पुलगावला ऐकलेलं, कोणी हिंगणघाटला. काय आहे ते कोणी धड सांगेना, नुसते हसायचे. मग मी त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला जाऊ लागलो. ऐकायला नाही, त्याला पकडायला. पहिल्या रांगेत बसायचो, पुढं पुढं तर मोबाइलवर रेकॉर्डही करायचो. एका गाण्याच्या शेवटी पोरं हटकून ओरडायची, "कडवं, कडवं!" गजू माझ्याकडे बघून दात काढायचा आणि पुढचं गाणं सुरू करायचा. एकदा त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत गेलो. दिवसा तो ॲम्प्लिफायर दुरुस्त करून पोट भरायचा. सरळ विचारलं, माझ्यावर कडवं आहे की नाही? तारेला सोल्डरिंगचा डाग देता देता मान वर न करता म्हणाला, "तुह्यावर गाणं कराले तू काय मंत्री आहे?" माझा संशय पक्का झाला. झडतीच्या जोरावर नाव कमावणारा माणूस झडतीचाच नियम मोडतोय, समोर म्हणायला भितोय. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, हा भित्रा आहे. पुढं आमचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपुरतंच उरलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

तेरवी आटोपल्यावर मी गजूच्या बायकोला, मंदावहिनींना गाठलं. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात. म्हटलं, वहिनी, खरं काय ते सांगा. त्या शांतपणे म्हणाल्या, "होतं ना भाऊजी. त्याच्याशिवाय लोकं उठतच नव्हते. तुमी समोर दिसले का तेवढं गाळत होते." काऊन, मी विचारलं. "मी बी इचारलं होतं. म्हणे, दिलप्याले उलट झडती जमत नाई. चारचौघांत त्याचं तोंड पडन." मग वर्गात कविता सांगावी तशा आवाजात त्यांनी ते म्हणून दाखवलं.

सही-शिक्का मारून मारून बोटं झाली मऊ,
चार तारा रिकाम्या, मी कोणाले वाजवू देऊ?

पहिली ओळ झोंबली. मला हवी होती तशीच होती ती. दुसरी मात्र... मी सोडल्यापासून 'कचकच'मध्ये बास वाजवणारा कोणी आलाच नाही, हे खरं. माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही हे दाखवायला तो असं करतो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. पण माझा स्वभाव कुठं जाणार? घरी येताना डोक्यात किडा वळवळला. वहिनी मास्तरीण, यमक जुळवणं त्यांना अवघड नाही. मला बरं वाटावं म्हणून दुसरी ओळ त्यांनी बदलली तर नसेल?

दुसऱ्या दिवशी शेखरकडे गेलो. त्याचं आता लग्नकार्याला गाद्या-खुर्च्या भाड्यानं देणारं बिछायत केंद्र आहे. वहिनींचं काही सांगितलं नाही. म्हटलं, शेखर, ते कडवं म्हण. तो टाळायला लागला, मी हटलो नाही. शेवटी रचलेल्या खुर्च्यांवर बोटांनी ठेका धरत त्यानं म्हटलं. दुसरी ओळ तीच होती, अक्षराचाही फरक नाही. मी तिथंच गाद्यांच्या ढिगावर बसलो आणि मला रडू कोसळलं.

शेखरनं खुर्चीवरचा ठेका थांबवला. मग म्हणाला, "झडती त झाली भाऊ. उत्तर द्या ना आता."

उत्तर माझ्याकडे होतं. कधी ना कधी हा सापडेल म्हणून मी वर्षानुवर्षं घोटून ठेवलेली उलट झडती, चांगली आठ ओळींची, शिव्यांसकट. मी तोंड उघडलं. त्यातली एकही ओळ या कडव्याला लागू पडत नव्हती.