पोपट हाकलणारा बँड

लखनौला जायचं ठरलं ते दादाच्या फोनमुळे. "तू येऊन मुक्ताला समजाव, माझं ऐकत नाही," म्हणाला. मुक्ता ही त्याची मुलगी, माझी भाची. तिचा पंक रॉकचा बँड आहे. पंक रॉक म्हणजे काय विचारू नका. गिटार बडवायची आणि घरात जे बोलायचं नसतं ते माइकवर ओरडायचं, एवढं मला कळलंय. कॉलेजात सुरू झालेल्या या पोरांचे व्हिडिओ आता लोक पाहतात, आणि जूनअखेरीस गोमतीनगरच्या सभागृहात त्यांचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम होता.

नाशिकरोडहून थेट गाडी आहे, पण उन्हाळ्यात तिकीट आधीच काढा. चारबाग स्टेशनाबाहेर ऑटोवाले मीटरचं नावही घेत नाहीत, भाडं ठरवूनच बसा. दादा मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. वहिनीने पोहे केले होते. मुक्ताशी मी मराठीत बोलत होते, ती हिंदीत उत्तरं देत होती. आमचं हे नेहमीचंच.

भांडण एका गाण्यावरून होतं. जानकीपुरमला ड्रमरच्या गच्चीवर सराव चालायचा, तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. मग शहराबाहेर मलिहाबादच्या एका आंबेबागेच्या मालकाने जागा दिली. आंबे पिकायला लागले की पोपट तुटून पडतात, राखणदार दिवसभर डबे बडवत फिरतात. मालक म्हणाले, तुम्हीच या आणि बडवा. पोरांना फुकट जागा, त्यांचे आंबे शाबूत. आणि तिथे सराव करता करता पोरांनी गाणं लिहिलं ते बागेत मास्कशिवाय औषध फवारायला लावलेल्या मजुरांवर. वर कार्यक्रमाला मालकांनाच पहिल्या रांगेत बोलावलं.

"ज्याच्या सावलीत बसायचं त्यालाच तोंडावर सुनावायचं? जागा जाईल," दादा म्हणाला. मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी बँडच्या व्हॅनमधून मलिहाबादला गेले. हरदोई रोड बरा आहे, शहराबाहेर पडेपर्यंत मात्र जीव जातो. वाटेत काकोरीला कबाब मिळतात, पोट सांभाळून खा. मलिहाबाद जवळ आलं की रस्त्याकडेला दशहरी आंब्यांच्या पेट्याच पेट्या.

बागेत झाडाखाली ड्रम मांडलेले. पहिला ठोका पडला तसा पोपटांचा थवाच उठला, मला हसू आवरेना. राखणदार रामसजीवन खाटेवर बसून ऐकत होते. मोहोराच्या वेळी औषध फवारतात तेही हेच, तोंडाला नुसता गमछा बांधून. बोलताना दर वाक्याला खोकत होते.

मुक्ताने त्यांना माझ्यादेखत विचारलं, "चाचा, परसों वो वाला गाएँ कि नहीं?"

त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "हमार नाम न लिह्यो, बिटिया। बाकी गाव।" माझं नाव घेऊ नका, गाणं मात्र गा, असं.

परतताना मुक्ता म्हणाली, "आत्या, आपको पापा ने मुझे समझाने बुलाया है ना?"

"बोलावलंय," मी म्हटलं, "पण आता काय समजावू, ते मलाच कळत नाहीये."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मुक्ताने ते गाणं शेवटी घेतलं. नाव कुणाचंच नव्हतं, गमछा आणि खोकला होता. मी सारखी मालकांकडे बघत होते, आणि अभिमानही वाटत होता, खोटं कशाला सांगू. मालक शेवटपर्यंत बसले, हळू टाळ्या वाजवल्या, दादाला आदाब करून निघाले.

सकाळी त्यांचा ड्रायव्हर दशहरीची पेटी घेऊन दारात. निरोप असा: "साहब ने कहलवाया है, बिटिया बहुत अच्छा गाती है। अब तोते भी कम हो गए हैं, बच्चे इतनी दूर आने की ज़हमत न उठाएँ।"

दादाने पेटी घेतली, शुक्रिया म्हटलं, दार लावलं. "काढलं बागेतून," म्हणाला, "आणि वर आंबे दिले." मला वाटलं आता मुक्तावर तोफ सुटणार. तर हा मागे गेला आणि शेडमधून जुनी स्कूटर बाहेर ओढायला लागला. "दुपारी नाही हं वाजवायचं," तिच्याकडे न बघता म्हणाला, "कॉलनी झोपते."

मुक्ता पहिल्यांदाच मराठीत बोलली. "नाही वाजवणार, बाबा."

निघताना वहिनीने पेटीतले निम्मे आंबे माझ्या पिशवीत भरले. नाशिकला पोचून आठवडा झाला. लखनौला जाणार असाल तर जूनमध्ये ऊन सोसायची तयारी ठेवा, दशहरीसाठी ते सोसावं. काल मुक्ताचा फोन होता. शेडमध्ये सराव सुरू झालाय, दोन कार्यक्रमही आलेत. मी पोपटांचं विचारलं.

"तोते कहाँ कम हुए, आत्या। चाचा फिर कनस्तर पीट रहे हैं।" म्हणजे रामसजीवन पुन्हा डबे बडवत फिरतायत.

फोन ठेवून मी शेवटचा आंबा घेतला. एरवी नळाखाली फिरवते आणि खाते. काल चोळचोळून धुतला. सालीवरचं औषध जात असेल, पण रामसजीवनच्या छातीतलं तिथेच आहे. आंबा मात्र फार गोड निघाला, आणि मी तो सगळा खाल्ला.