हॉर्न तिचा, गिअर बाबांचा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना दुकानदारी अजिबात जमत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. दुकान एकच, पण पुढचा काउंटर माझा. तिथे वह्या, पेनं, पट्ट्या, खोडरबर. मागचा कोपरा त्यांचा. तिथे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, एक सतरंजी आणि दोन बुटकी स्टुलं. माझं गिऱ्हाईक येतं, वस्तू घेतं आणि जातं. त्यांच्या तावडीत सापडलेलं लवकर सुटत नाही.

कुणी म्हणालं, "लहान मुलासाठी छानसं पुस्तक द्या," की यांची उलटतपासणी सुरू. "आज सकाळी कशावरून रडला?" "झोपताना कुणाला चिकटतो?" एकदा एक बाई म्हणाल्या, "काहीतरी बोध असलेलं द्या हो, फार हट्टी झालाय." जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बोध पुढच्या काउंटरला मिळेल. लाकडी आहे, बारा इंची." मी पट्टी पुढे करावी की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना. बाई मात्र हसल्या आणि सतरंजीवर बसल्या.

बसावंच लागतं. कारण यांचा नियम असा, की नेणाऱ्याने पुस्तक आधी दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही आवाजांसकट. माझ्यासमोर शाळेचे हेडमास्तर वह्यांची चौकशी करत असतात आणि मागे बँकेतले कॅशियर बदकासारखे ओरडत असतात. लाज वाटते हो मला! पण ऐकतील तर त्या जाऊबाई कसल्या. "पुस्तक कुणीही देईल," म्हणतात, "वाचणारा तयार करून पाठवायला हवा."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

एक ट्रक ड्रायव्हर आला होता. लांबच्या फेऱ्या करणारा, दांडगा माणूस, पण माझ्या काउंटरपाशी पेनाचं टोपण काढत-घालत उभा राहिला. मुलीसाठी पुस्तक हवं होतं. मी त्याला मागे पाठवलं. जाऊबाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आज कशावरून रडली?"

"मी उचलून घेतलं म्हणून," तो म्हणाला.

मग स्वतःच पुढे सांगू लागला. "महिना महिना गाडीवर असतो ना. मला काका म्हणते. घरातल्या सगळ्यांच्या मांड्या चालतात तिला, माझी सोडून. असं एखादं पुस्तक द्या, की ती माझ्याजवळ येईल."

जाऊबाईंनी अस्वलाचं पुस्तक काढलं. त्यात बाबा अस्वल पिल्लाला खांद्यावर बसवून नदी ओलांडतं. "वाचा," म्हणाल्या. त्याने तोंड उघडलं, दुकानातली माणसं बघितली आणि कानापर्यंत लाल झाला. "घरी वाचतो, ताई." त्याची दया येऊन यांनी सोडून दिलं.

पुढच्या फेरीहून परतल्यावर तो पुन्हा आला आणि पुस्तक स्टुलावर ठेवलं.

"फार आवडलं तिला. तिची आई रोज वाचते. बाबा कुठे, असं विचारलं की धावत जाऊन पुस्तक आणते आणि अस्वलावर बोट ठेवते." हे सांगताना तो हसला. ते हसणं मला बघवेना. "असू दे, ताई. परवा निघायचंच आहे मला."

"चूक माझी आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचायला न लावता सोडलं."

मला राहवेना. म्हटलं, "अहो, पुस्तकाने काय होणार? बाप घरी राहिला तर होईल."

"राहता आलं असतं तर तो इथे आला असता का?" त्या माझ्यावरच कडाडल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "बसा. आज सोडणार नाही."

तो बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे पार हनुवटीला. चिमणी झाली, माकड झालं. बकरी तर अशी खोकली की मी काउंटरखाली तोंड लपवलं. शेवटी तो उठलाच. "मला गाडी सोडून काही येत नाही हो!"

"मग गाडी काढा की."

"इथे?"

"तोंडाने."

त्याने डोळे मिटले आणि गाडी सुरू केली. आई गं! इंजिन घुमलं, पहिला गिअर पडला, दुसरा पडला, भरलेली गाडी चढाला लागून धापा टाकू लागली आणि फुस्सकन ब्रेक लागला. मी काउंटरखालचा पाय मागे घेतला, खोटं कशाला बोलू. दारातल्या गिऱ्हाइकाने वळून रस्त्यावर बघितलं.

जाऊबाई धावत पुढे आल्या, माझी पेनं पाडली आणि दर्शनी काचेतलं उन्हाने विटलेलं एक पुस्तक उचललं. त्यात एक बस असते. थांब्याथांब्यावर एकेक प्राणी चढतो, शेवटी हत्ती चढतो आणि बस चढावर अडते. दुपारभर त्याच्याकडून ते घोटून घेतलं. जाताना बजावलं, "तिला मांडीवर बोलवायचं नाही. पुस्तक जमिनीवर ठेवायचं. आणि हॉर्न तुम्ही वाजवायचा नाही. हॉर्न तिचा, गिअर तुमचा. तिने वाजवल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"आणि नाहीच वाजवला तर?"

"तर गाडी उभी."

तो गेला, आणि मग काहीच कळेना. बाहेर ट्रक वाजला की जाऊबाईंची मान वर. मी चिडवलं तर चिडायच्या, म्हणून मीही चिडवायची थांबले. मलाही घोर लागला होता.

एके दिवशी एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या काखेत ते बसचं पुस्तक. "चित्रांची पुस्तकं देणाऱ्या ताई कोण? काय करून ठेवलंत हो हे!"

जाऊबाईंचा चेहरा पडला.

"हिने हॉर्न वाजवला नाही, तर हे जेवायलासुद्धा उठेनात. गाडी उभी आहे म्हणे! झोपायच्या वेळी पलंगाखालून हळूच 'पों' आलं. मग काय, निघेपर्यंत दोघं त्या बसमध्येच. आणि आता मी वाचायला बसले की ही पुस्तक ओढून घेते."

जाऊबाईंनी मुलीला सतरंजीवर बसवलं आणि हत्तीचं पान उघडलं. "पों," मुलगी म्हणाली. जाऊबाईंनी सगळा जीव लावून घर्रर्र केलं. मुलीने मान हलवली.

"तुला नाही येत. गाडी बाबांची आहे. बाबा आले की चढेल."

तिच्या आईने पदर तोंडाला लावला. जाऊबाई खाली मान घालून सतरंजीची सुरकुती काढत बसल्या. मला तर रडूच आलं, हातात गिऱ्हाइकाची वही तशीच.

तेवढ्यात मुलगी उठून माझ्याकडे आली आणि खोडरबर मागितला. तो नेऊन तिने चित्रातल्या बसच्या मागच्या चाकाला टेकवून ठेवला.

"गाडी मागे जायला नको म्हणून," तिने जाऊबाईंना समजावलं. "बाबा दगड लावतात."

खोडरबर मी परत मागितला नाही.