भट्टी नसलेला वाडा

भाटघरच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर दगडधार नावाचा धनगरवाडा आहे. अकरा घरं. सडकेला उतरायचं म्हणजे दोन तासांची पायपीट. तिथल्या साळूबाईंकडं आणि बाकीच्या बायकांकडं मी तीन वर्षं तेच बेचाळीस प्रश्न घेऊन गेले.

मी भोरची धनश्री. कॉलेज झाल्यावर एका संस्थेत सर्वेक्षणाचं काम लागलं. संस्थेनं डोंगरापलीकडच्या उंबरमाळ वाड्यातल्या बायकांना खव्याची सामाईक भट्टी उभारून दिली होती. तिनं जगण्यात काय फरक पडतो ते मोजायचं होतं. त्यासाठी बाकी सगळं तसंच, पण भट्टी नसलेला एक वाडा हवा होता. तो दगडधार. तिथं नुसतं विचारायचं, कशासाठी ते सांगायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं.

साळूबाई पन्नाशीच्या. नवरा गेनबा पायानं अधू झाल्यापासून सहा म्हशींचं सगळं त्यांच्यावर. पावसाळ्यात दूध सडकेला पोचेस्तोवर नासायचं. मी पहिल्या वर्षी विचारलं, "वाड्यात काही ठरवायचं असलं तर तुमचं मत घेतात का?"

"माजं? कोन इचारतंय?" त्या हसल्या.

दुसऱ्या वर्षी मी फॉर्म काढताच त्या म्हणाल्या, "गेल्या साली बी हेच इचारलंस. त्याचं म्होरं काय झालं?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी आमच्याकडं काय न्हाई, ते मोजाया येतीस व्हय तू?"

"मावशी, तसं नाही..."

"तसंच हाय. च्या पी आन जा."

तो चहा मी कसाबसा संपवला.

पुढचं मला नंतर कळलं. साळूबाईंची चुलतनणंद उंबरमाळला दिलेली. दिवाळी सरल्यावर त्या तिच्याकडं गेल्या आणि चार दिवस भट्टीपाशी बसून राहिल्या. आच किती ठेवायची, उलथनं कुठवर थांबवायचं नाही, सगळं शिकून घेतलं. परत येऊन घरोघर फिरल्या. गेनबा म्हणाले, "चार घरचं दूध एका कढईत? भांडणं लागतील."

"लागूंद्यात. आत्ता तरी कुठं लई गोडी हाय?"

पाच घरं तयार झाली. एका रिकाम्या खोपटात दगडमातीची भट्टी रचली. जुनी कढई उंबरमाळच्या बायकांनीच दिली.

तिसऱ्या वर्षी मी गेले तर बायका आळीपाळीनं दूध आटवत होत्या, आणि उद्या खवा घेऊन भोरला कोण जाणार ते साळूबाई ठरवत होत्या. त्याही वर्षी मी सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले.

पुण्यात संस्थेच्या सरांना सांगितलं. साळूबाईंना भट्टीचं मीच बोलले होते, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "आता तुलना कशाशी करायची? उंबरमाळला फरक भट्टीनंच पडला, हे छातीठोक कसं म्हणणार?" दगडधारची सगळी उत्तरं अहवालातून काढून टाकली. सरांचंही चुकीचं नव्हतं. बोलायला नको होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

साळूबाईंना मी हे जाऊन सांगितलं.

"मंग आमी सांगितलेलं गेलं कुठं?"

"कुठंच नाही, मावशी."

"तुज्याकडं हाय न्हवं? मंग आमाला वाचून दाव. आमाला बी कळूंदे."

सरांची परवानगी घेऊन मी कागद नेले. भट्टीवरच्या बायका अंगणात बसल्या. एकमेकींना विचारून त्यांनी सगळ्यांची उत्तरं सगळ्यांसमोर वाचायला होकार दिला, तेव्हाच मी वाचायला घेतलं. पावसाळ्यात दूध ओतून द्यायचं थांबलं होतं. दोघींनी स्वतःसाठी चपला घेतल्या होत्या. ऐकून सगळ्या खूश झाल्या. मग दुखण्यांचा प्रश्न आला. खोकला आणि डोळ्यांची आग पहिल्या वर्षी एकीला होती, आता पाचही जणींना.

बायका एकमेकींच्या डोळ्यांकडं बघू लागल्या. तोवर प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीलाच होतंय.

"धूर," साळूबाई म्हणाल्या. "आगं, ह्यो भट्टीचा धूर हाय."

भट्टी बंद ठेवायची की नाही यावरून दोन दिवस वाद झाला, एक घर बाहेरही पडलं. पण पंधरवड्यात साळूबाईंनी भोरहून पत्र्याचं धुराडं आणलं. सडकेपासून ते दोघींनी खांद्यावर वर चढवलं आणि भिंत फोडून बसवलं. खोकला कमी झाला की नाही, ते त्या आता स्वतःच दर महिन्याला एकमेकींना विचारतात.