दादांच्या हाताचा खेळ

दादांच्या हातासाठी आणलेला खेळ मी स्वतःच खेळत बसलो. गोष्ट एवढीच आहे. बाकी जे लिहितो आहे ते, मी हे कसं केलं आणि करताना स्वतःची समजूत कशी घातली, त्याबद्दल.

दादा म्हणजे माझे वडील. बाजरीच्या काढणीत बांधावर बसल्या बसल्या त्यांची उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं आला. जीभ तर दवाखान्यातच आली, आणि आली ती शिव्या घेऊनच आली, म्हणून आम्हाला धीर वाटला. हात तेवढा मागं राहिला. व्यायामासाठी आम्ही मंचरला एका मॅडमकडे जायचो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हाताचं जे काय व्हायचं ते सुरुवातीच्या काही महिन्यांतच होईल. बोटं रोज चालवली नाहीत तर मिटतील, आणि एकदा मिटली की मिटली.

दादांचं मागणं मोठं नव्हतं. त्यांना स्वतःची भाकरी स्वतः मोडायची होती. बाजरीची भाकरी एका हातानं मोडून पाहा, म्हणजे कळेल. माझी बायको ती दुधात कुस्करून वाडगा पुढं ठेवायची. दादा डाव्या हातात चमचा धरायचे आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दादांनी डाव्या हातानं कुत्र्याला दिला. कपड्यांचे चिमटे दिले, तर म्हणाले, आता मी धुणं वाळत घालू का. शेवटी मॅडम म्हणाल्या, काहीही आणा, पण बटणं दाबायला लावा. मोबाईल नको. मोबाईलला नुसतं बोट टेकलं की भागतं, इथं जोर लागला पाहिजे.

चतुर्थीला ओझरला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर पेढ्यांच्या दुकानाशेजारी खेळण्यांच्या गाड्यावर हा खेळ लटकत होता. हातात मावेल एवढा, करड्या काचेचा, पिवळ्या बटणांचा. वरून चौकोनी तुकड्यांचे आकार पडत येतात, ते फिरवून खाली बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. मी शाळामास्तर होतो. पोरांच्या दप्तरांतून असले खेळ जप्त करण्यात माझी अर्धी नोकरी गेली, पण एकही मी चालू करून पाहिला नव्हता. हे मी आजवर माझं चारित्र्य समजत होतो.

घरी येऊन पडवीत दादांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर हात, हातात खेळ. त्यांचा अंगठा थरथरला, बटणावर टेकला आणि दबला. टुक्. पडता आकार एक घर उजवीकडं सरकला. दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. त्या आजारपणात आम्ही दोघं एकाच वेळी खूश झालेलो मला तेवढंच आठवतं.

पण आकार काही अंगठ्यासाठी थांबत नाहीत. दुसऱ्यांदा अंगठा दबेपर्यंत तीन आकार वाकडेतिकडे पडले आणि ढीग वर टेकून खेळ संपला. दादा म्हणाले, आधी तू दाखव. मी दाखवायला घेतला.

इथं कडब्याचं सांगितलं पाहिजे. आमच्या डिंगोऱ्यात कडब्याची गाडी भरायची तर दादांना बोलावणं यायचं. ते गाडीवर उभे राहायचे, खालून पेंढ्या घ्यायचे, आणि कुठली आडवी, कुठली उभी, कुठं खाच ठेवायची, कुठं ती बुजवायची, हे न बोलता करत जायचे. त्यांनी भरलेली गाडी ओढ्यातून गेली तरी पेंढी हलायची नाही. मी कायम खाली, पेंढ्या द्यायला. एकदाच मला वर चढवलं होतं. ती गाडी पिंपरी पेंढारच्या वळणावर अर्धी रिकामी झाली, आणि मागच्या एसटीतली माणसं खाली उतरून कडबा गोळा करू लागली.

तर मी खेळायला लागलो आणि दादांना पडदा लगेच वाचता आला. त्यांना तिथं आकार दिसतच नव्हते, पेंढ्या दिसत होत्या.

"आडवी घाल," ते म्हणाले. "आडवी, लेका. उभी कशाला घालतो? त्या खाचंत जाऊ दे. आता थांब. लांबडी येऊ दे."

लांबडी म्हणजे ती चार घरांची सरळ पट्टी. कडेला एक उभी खाच राखायची आणि तिची वाट पाहायची. ती येत नाही. ढीग चढत जातो, आणि मग ती येते, खाचेत उतरते, आणि चारही ओळी एकदम जातात. तो जो मोकळेपणा वाटतो तसा मला निवृत्तीच्या दिवशीही वाटला नव्हता. आणि मोकळेपणा किती, तर पुढचा आकार खाली येईपर्यंत. या खेळात जिंकणं ठेवलेलंच नाही. कितीही नीट रचा, शेवटी ढीग वर टेकतोच. तरी तो टेकला की माझा अंगठा मला न विचारता पुन्हा सुरू करायचा.

मग रोजच्या दुपारी तशाच गेल्या. गाडीवर दादा आणि खाली मी, ही आमची जुनीच वाटणी होती. हुकूम त्यांचा, हात माझे. मला त्यात चुकीचं काही वाटलं नाही, इतकं ते सवयीचं होतं. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, खेळ नक्की कुणासाठी आणलाय. मी म्हणालो, त्यांच्या मेंदूला व्यायाम होतोय.

"मेंदू चांगलाय हो त्यांचा," ती म्हणाली. "हात गेलाय."

मी म्हणालो, एवढा डाव झाला की त्यांना देतो. एवढा डाव कधी होत नाही. सेल संपला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा काढून घातला, म्हणजे व्यायामाची वेळ झाली हे कळायची उरलीसुरली सोयही मीच बंद केली. कांदा सडतोय का बघतो, असं सांगून मी कांदे साठवायच्या चाळीत जाऊन खेळू लागलो. कांदा सडला. मला वास आला नाही.

दादांचा हात मला दिसत नव्हता असं नाही. मांडीवर पडलेला असायचा, बोटं आत वळत चाललेली. हळूहळू ते स्वतःच तो घोंगडीखाली सारायला लागले. एकदा मी मनाचा हिय्या करून खेळ त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो डाव्यानं उचलून मला परत दिला आणि म्हणाले, राहू दे, चांगली लागलीय, ओळ होऊ दे आधी. मला केवढं हायसं वाटलं. मी ओळ केली.

मंचरला जायचं पुढं पुढं ढकलत गेलो. कधी लग्न निघालं, कधी दादांना गाडी सोसणार नाही असं मीच ठरवलं. गेलो तेव्हा उन्हं तापली होती. मॅडमनी दादांची बोटं एकेक करून सरळ केली. सोडली की ती पुन्हा मिटत होती. अंगठ्याखाली त्यांनी आपलं बोट धरलं आणि दाबा म्हणाल्या. दादांच्या कपाळावर घाम आला. अंगठा हलला नाही.

"भाकर मोडंल का?" दादांनी विचारलं.

मॅडमनी हात उशीवर नीट ठेवला. म्हणाल्या, आजोबा, आता डाव्या हाताचीच सवय करा.

मग मॅडमनी मला विचारलं, अगदी सहज, रागाचा सूरही नव्हता, की घरी व्यायाम रोज होत होता ना. मी घसा साफ केला. व्यायामाचे प्रकार किती असतात, हे मी सविस्तर सांगणार होतो.

"व्हत व्हता की," दादाच म्हणाले. "रोज व्हत व्हता. गुण बी लई आला. ह्या मास्तरच्या अंगठ्याला."