रिकाम्या नळीतला मणी

भूतबित मी मानत नाही. स्मशानाला लागून असलेल्या चाळीत पंचवीस वर्षं काढली, कधी काही दिसलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा पाहिलं तेवढंच सरळ लिहिते.

महाळुंग्यातल्या एका कंपनीत मी लॅबची साफसफाई करते. तिथे केतकी मॅडमचं एक छोटं यंत्र आहे — दोन चुंबकं आणि मधे काडीएवढी काचेची नळी. नळीत औषध मिसळलेल्या नमुन्याचे चार थेंब टाकायचे, त्यात मोहरीएवढा मणी. चुंबकामुळे मणी अधांतरी राहतो. नमुना जड असेल तर वर, हलका असेल तर खाली. बाजूला आकडे. "आत काही नसेल तर मणी तळाला बसतो, आजी," हे मॅडमनीच मला दाखवलं होतं.

माझ्या बहिणीचा मुलगा संजय तिथेच मशीनवर. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये त्याने पाणी मारलं, म्हणून माल खराब झाला, असा आरोप होता. टाकी धुऊन झाली होती, जुन्या कूलंटचे थोडे थेंब तेवढे उरले होते, ते मॅडम या यंत्रात तपासणार होत्या. मणी सहावर राहिला तर कूलंट चांगलं. चारच्या खाली गेला तर संजयची नोकरी गेली.

त्या दिवशी सकाळी आठला मी टेबल पुसत होते. यंत्रातल्या नळीत मळकट पाणी दिसलं. उष्टं भांडं तसंच ठेवायची मला सवय नाही. मणी तळहातावर घेतला, नळी नळाखाली धुतली, फुंकून कोरडी केली, मणी टाकून परत ठेवली.

नऊला मॅडम आणि एचआरचे साहेब आले. साहेबांच्या हातात संजयला कामावरून काढायचा कागद. तेव्हा कळलं, मी काय धुतलं ते.

"सहा," मॅडम म्हणाल्या.

"नक्की?"

"बघा ना सर. बरोबर सहावर."

मी वाकून पाहिलं. मणी खरंच सहावर. तसूभर हलत नव्हता.

गप्प बसले असते तर भागलं असतं. पण खोटं मला पचत नाही. "साहेब, नळी रिकामी आहे. सकाळी मीच धुतली."

"काहीतरीच काय, आजी!" मॅडमनी नळी काढून पांढऱ्या कागदावर उलटी केली. मणी टपकन पडला. कागद कोरडा.

मॅडमनी मणी टाकून नळी परत ठेवली. मणी तळाला. पुन्हा ठेवली. तळालाच.

साहेबांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "नमुनाच नाही, तर आरोप सिद्ध कसा करायचा? भाच्यासाठी मुद्दाम धुतलीत ना, बाई?"

"मुद्दाम धुतली असती तर तुम्हाला सांगितलं असतं का?"

सोमवारी संजय कामावर गेला. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. "मावशी, बरं झालं धुतलीस. वाचलो बघ!"

मी पेढा खाली ठेवला. "कूलंट चांगलं होतं ना? मग वाचलास कशातून?"

तो खाली मान घालून चपला शोधायला लागला.

पाणी त्यानेच मारलं होतं, हे मला तिथेच कळलं. पण मणी सहावर कुणी धरला होता? मॅडमना सांगता येत नाही, मला तर नाहीच. ते टेबल आता मी पुसत नाही. दुसऱ्या कुणीतरी पुसावं.